रेडी, स्टेडी... ड्राफ्ट! उज्जैनच्या खांबापासून एनबीएच्या बास्केटपर्यंत

कॉलेजच्या ग्राउंडवर हिरो ठरलेला पोरगा थेट प्रो लीगमध्ये टिकेल का? अमेरिकेत हा वाद दर जूनमध्ये पेटतो, आपल्याकडे दर लिलावाला. चला, उज्जैनहून निघून एक झटपट वर्ल्ड टूर मारू!

आधी बेसिक फंडा

ड्राफ्ट म्हणजे बँकेतला डिमांड ड्राफ्ट नव्हे, पण पैसा इथेही दणदणीत! एनबीए या अमेरिकेच्या प्रो बास्केटबॉल लीगच्या टीम एकेक करून नवे खेळाडू निवडतात. तळाच्या टीमना आधी नंबर मिळण्याची संधी जास्त. राउंड दोन आणि जागा जेमतेम 60. कॉलेज बास्केटबॉल खेळून ड्राफ्टला पात्र ठरलेल्या शंभर जणांतून एखाद-दुसऱ्याचंच नाव पुकारलं जातं. बाकीच्यांनी काय करायचं? तेच तर पाहायचंय!

उज्जैन का बरं?

माहीत आहे का, ग्वाल्हेरला जाण्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैन होती? महाकालाचं आजचं मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारलं. आणि मराठी मातीतला मल्लखांब माळव्यात असा रुजला, की मध्य प्रदेशाने 2013 मध्ये त्याला थेट राज्याचा खेळ करून टाकलं. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. क्या बात है!

घसरगुंडीवरचं तेज

जरा जवळून बघा. लाकडी खांब, वर निमुळता होत गेलेला, त्याला एरंडेल तेल चोळलेलं. खेळाडू धावत येतो, उलटा होतो, खांब मांड्यांत पकडतो आणि हात सोडून देतो! पकड, पोट, पाठ, तोल, धाडस यांची परीक्षा मिनिट-दीड मिनिटात. फेब्रुवारी 2023 मध्ये खेलो इंडिया युथ गेम्सचा मल्लखांब रंगला तो उज्जैनमध्येच. त्या गेम्समध्ये पदकांच्या टेबलवर टॉप कोण? आपला महाराष्ट्र, तब्बल 161 पदकं! यजमान मध्य प्रदेश 96 पदकांसह तिसरा.

मग यांचा ड्राफ्ट कधी?

इथेच गाडी अडते. मल्लखांबाला राष्ट्रीय स्पर्धा आहेत. 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. हिमानी परब आणि सागर ओव्हाळकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाले, उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. पण शहरांच्या टीम, करार आणि पगार असलेली मोठी प्रो लीग? अजून नाही. 2023 मध्ये छत्तीसगडच्या अबुझमाड मल्लखांब अकादमीच्या पोरांनी ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकून दाखवलं. टॅलेंट रेडी आहे, लीगच लेट आहे!

खो-खोने दिला ‘खो’

देशी खेळाला ड्राफ्ट कसला, असं वाटतंय? मग हे ऐका. 2022 मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगच्या टीम ड्राफ्टनेच बनल्या. पहिला सीझन पुण्यात बालेवाडीला झाला. फायनलचा स्कोअर बघा: ओडिशा जगरनॉट्स 46, तेलुगू योद्धाज 45. एका पॉइंटची फायनल! आणि जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो वर्ल्ड कप भारताच्या पुरुषांनीही जिंकला, महिलांनीही. कॅप्टन कोण? प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही पुण्याचे. लीगचा रस्ता तयार झाला की पोरं कुठवर जातात ते बघा!

कबड्डीचा नवा गडी

प्रो कबड्डीत नवख्या पोरांसाठी ‘न्यू यंग प्लेयर’ हा वेगळा गटच आहे. सीनियरांबरोबर राहायचं, खायचं, घाम गाळायचा आणि शिकत शिकत मॅटवर उतरायचं. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार लक्षात आहे ना? त्याच्याच कॅप्टनशिपखाली पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 ला पहिलं विजेतेपद पटकावलं. सीझनचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच. पलटण पलटली नाही!

शेजारच्या इंदूरचा चमत्कार

माहीत आहे का, उज्जैनपासून तासाभराच्या अंतरावरच्या इंदूरचा रजत पाटीदार 2022 च्या आयपीएल लिलावात विकलाच गेला नव्हता? कुणाला तरी दुखापत झाली म्हणून बंगळुरूने त्याला बदली खेळाडू म्हणून बोलावलं. त्याने एलिमिनेटरमध्ये नाबाद 112 ठोकल्या! 2025 मध्ये तोच कॅप्टन झाला आणि बंगळुरूची 17 सीझनची उपासमार संपली. लिलावात ‘अनसोल्ड’, मैदानात ‘अनबिटन’!

आणि हा 14 वर्षांचा!

बिहारचा वैभव सूर्यवंशी आयपीएल लिलावात 1.10 कोटींना गेला तेव्हा 13 वर्षांचा होता. 28 एप्रिल 2025 ला, 14 वर्षांचा असताना, त्याने 35 चेंडूंत शतक झळकावलं. पण असा वैभव पिढीत एखादाच. त्याच्याकडे बघून प्रत्येक घरातल्या पोराची शाळा सोडवू नका, प्लीज!

भारताचा पहिला ड्राफ्ट

बास्केटबॉलकडे चला. पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, उंची 7 फूट 2 इंच. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने 52 व्या नंबरवर त्याला उचललं. ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय! गंमत म्हणजे तो अमेरिकन कॉलेजकडून एकही मॅच खेळला नव्हता, थेट फ्लोरिडातल्या अकादमीतून आला होता. त्याच्यावर ‘वन इन अ बिलियन’ ही डॉक्युमेंटरी निघाली. पण मुख्य एनबीएत तो एकही मॅच खेळू शकला नाही. नंतर त्याने प्रो कुस्तीची रिंग गाठली. दार उघडलं, पण आत स्थिरावायला लागणारा वेळ आणि मॅचचा सराव मिळाला नाही.

ड्राफ्ट नाही, तरी एंट्री

आता उलटा किस्सा. भारतीय वंशाचा कॅनेडियन सिम भुल्लर, 7 फूट 5 इंच. दोन वर्षं कॉलेज खेळून 2014 च्या ड्राफ्टला बसला आणि कुणीच घेतला नाही! तरी एप्रिल 2015 मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून कोर्टवर उतरला आणि एनबीए खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला.

बेंचवर आडवा, लीगमध्ये उभा

माहीत आहे का, 2007 च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत केविन ड्युरंटला बेंच प्रेसमध्ये 84 किलोंचा बार एकदाही उचलता आला नव्हता? सगळ्या टीमचे डोळे त्याच्यावर, आणि बार जागचा हलेना! तरी सिअ‍ॅटलने त्याला दुसऱ्या नंबरवर घेतलं. 2014 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. वजनं उचलायला लावून सगळी तयारी मोजता येत नाही.

एक वर्ष की चार?

2013 चा नंबर वन अँथनी बेनेट कॉलेजमध्ये एकच वर्ष खेळला. चार सीझनमध्ये चार टीम आणि एनबीएचा खेळ खल्लास! टिम डंकन पूर्ण चार वर्षं कॉलेजात राहिला, मानसशास्त्राची पदवी घेतली, 1997 ला नंबर वन ठरला आणि पाच वेळा चॅम्पियन झाला. स्टेफ करी तीन वर्षं खेळून निघाला, पण 2022 मध्ये उरलेली पदवी पुरी केली. शॅकिल ओ’नीलनेही सुपरस्टार झाल्यावर 2000 मध्ये डिग्री घेतली.

जाहिरातीत हरवलेला हिरा

निकोला योकिच 2014 मध्ये 41 वा निवडला गेला तेव्हा टीव्हीवर फास्टफूडची जाहिरात सुरू होती! नाव स्क्रीनच्या पट्टीवरून सरकून गेलं. तोच पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आई-बाबांची सही

1996 मध्ये कोबी ब्रायंट शाळेतून थेट आला. वय फक्त 17, म्हणून करारावर आई-वडिलांनाही सही करावी लागली! 2006 च्या ड्राफ्टपासून नियम बदलला. आता अमेरिकन खेळाडूला त्या वर्षात 19 पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा सुटून किमान एक वर्ष व्हावं लागतं. म्हणूनच एक वर्ष कॉलेज आणि लगेच ड्राफ्ट, अशी फॅशन आली.

फॅशन फिरली!

जुलै 2021 पासून अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमाई करायला परवानगी मिळाली. परिणाम? 2021 मध्ये 353 जणांनी वेळेआधीच ड्राफ्टसाठी नाव दिलं होतं, 2025 मध्ये फक्त 106 जणांनी! खिशात पैसे आले, घाई गेली. पोरं शिकत शिकत खेळू लागली.

लकी डॅलस

ड्राफ्टचे पहिले नंबर ठरवणाऱ्या 2025 च्या लॉटरीत पहिला नंबर मिळण्याची डॅलसची शक्यता होती अवघी 1.8 टक्के. लागली ना लॉटरी! एकच वर्ष कॉलेज खेळलेला, 18 वर्षांचा कूपर फ्लॅग त्यांच्याकडे आला. हीच ती सतनामची टीम बरं का.

आपल्याकडचा रस्ता

भारतात कॉलेज संपलं की बास्केटबॉलपटूचा पत्ता बहुतेक वेळा रेल्वे, पोलीस किंवा लष्कर! भारताचं नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमयेही रेल्वेकडूनच खेळली. 2025 मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगने (आयएनबीएल) 25 वर्षांखालच्यांसाठी प्रो लीग भरवली, मुंबई टायटन्सही त्यात होती. कॉलेज आणि सीनियर संघ यांच्यामधली हीच पायरी आपल्याला हवी होती.

तर फायनल निकाल!

आपली कॉलेजची पोरं ड्राफ्टला तयार आहेत का? हुनर तयार आहे, शंभर टक्के. कच्चा आहे तो मधला रस्ता: भरपूर मॅच, चांगला कोच, फिजिओ, पोटभर खुराक आणि हातात डिग्री. निवड झाली म्हणजे तयारी झाली असं नाही, हे बेनेट सांगतो. निवड हुकली म्हणून खेळ संपत नाही, हे आपला इंदूरचा पाटीदार सांगतो.

तेव्हा खेळाडू दोस्तांनो, आंतरविद्यापीठ स्पर्धा मनापासून खेळा आणि शेवटच्या वर्षाचे पेपर बुडवू नका. आई-बाबांनो, करारावर सही करण्याआधी आकड्याबरोबर कोचचं नावही विचारा. आणि लीग चालवणाऱ्यांनो, एकदा उज्जैनला या आणि मल्लखांबाची लीग काढा. खेळाडू तिथे आधीच तयार आहेत!