बालपणीची धास्ती आणि तारुण्यातील आजार

गेल्या पावसाळ्यात बडोद्याच्या आमच्या शाखेत एक तरुण ग्राहक आरोग्य विम्याचा प्रस्ताव-अर्ज भरण्यासाठी आला होता. (त्याच्या अनुमतीनेच, ओळख पटेल असे तपशील वगळून, हे लिहीत आहे.) वय सव्वीस; शाळकरी वयापासून इन्सुलिनवर असलेला मधुमेही. 'पूर्वीपासूनचे आजार' या रकान्यात मधुमेह त्याने निःसंकोचपणे लिहिला. नैराश्यासाठी दोन वर्षे घेतलेल्या उपचारांचा उल्लेख करावा की नाही, हे मात्र त्याने आवाज खाली आणून विचारले. बोलण्याच्या ओघात वडिलांच्या मद्यपानाचा आणि त्यापायी धास्तीत गेलेल्या बालपणाचा विषय निघाला. "साहेब, या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल का?" वाणिज्य शाखेच्या पदवीधराजवळ याचे उत्तर कोठून असणार? परंतु प्रश्नाने पाठ सोडली नाही. त्यानंतर जे वाचले, त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहे.

या विषयातील पायाभूत अभ्यासाचा उगम लठ्ठपणावरील उपचारकेंद्रात झाला, हे वाचून आश्चर्य वाटले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लक्षात आले, की ज्यांचे वजन उत्तम रीतीने घटत आहे असेच कित्येक रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडून जातात. चौकशी करता त्यांतील अनेकांचे लहानपणी लैंगिक शोषण झाल्याचे उघड झाले. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासमवेत त्यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांकडून त्यांच्या बालपणाची माहिती घेतली. मारहाण, शोषण, हेळसांड, आईला होणारी मारझोड, घरातील व्यसन वा मानसिक आजार, आईवडिलांची फारकत, घरातील कोणाचा तुरुंगवास असे हे प्रश्न होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालानुसार, अशा चार वा अधिक प्रकारांतून गेलेल्यांमध्ये मद्यासक्ती, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, यांपैकी काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होता. हृदयविकार, फुप्फुसांचे जुनाट विकार आणि यकृताचे आजारही त्यांच्यात अधिक आढळले. विशेष म्हणजे ही मंडळी बहुतांशी सुशिक्षित, मध्यमवर्गीय आणि विमाधारक होती. 'चांगल्या घरांत असे काही घडत नाही' ही आपली लाडकी समजूत येथे टिकत नाही.

हे घडते कसे? संकटाच्या वेळी शरीर कॉर्टिसोलसारखी संप्रेरके सोडते आणि संकट टळले की पूर्ववत होते. ज्या मुलाला रोज संध्याकाळी दाराची कडी वाजली की धडकी भरते, त्याच्या शरीराला पूर्ववत होण्यास उसंतच मिळत नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा मागोवा आजतागायत घेतला जात आहे. त्यांपैकी ज्यांचा बालपणी छळ झाला होता, त्यांच्या रक्तात वयाच्या ३२व्या वर्षी दाहाची लक्षणे अधिक आढळली, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्हा बँकवाल्यांना येथे चक्रवाढ व्याज आठवल्यावाचून राहत नाही. पण ही उपमा फार ताणू नये, कारण हे कर्ज त्या मुलाने काढलेले नसते.

आमच्या ग्राहकाच्या बाबतीत एक भेद करणे आवश्यक आहे. त्याला असलेला मधुमेह शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वादुपिंडातील पेशींवर केलेल्या हल्ल्यामुळे होतो. त्याचा दोष वडिलांच्या बाटलीवर टाकणे योग्य नव्हे. परंतु इन्सुलिन वेळेवर टोचणे, जेवणाचे मोजमाप ठेवणे यांसाठी घरात जी शांतता लागते ती त्याला लाभली नाही. शिवाय मधुमेह्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असते. नैराश्य आले की पथ्य सुटते, पथ्य सुटले की साखर वाढते. मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या २४व्या वर्षापूर्वी होते, असे २००५ सालच्या एका अमेरिकी पाहणीत दिसून आले. म्हणजे शिक्षण, पहिली नोकरी व पहिले कर्ज याच वर्षांत.

तथापि हे आकडे समूहाचे आहेत. प्रतिकूल अनुभवांच्या बेरजेवरून एका व्यक्तीचे भवितव्य वर्तवू नये, असा इशारा खुद्द डॉ. अँडा यांनी २०२० साली दिला. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी केलेला अभ्यासही आश्वासक आहे. अत्यंत बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, समाधानी प्रौढ झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांना आजी, शिक्षक, शेजारी असे कोणी ना कोणी मायेचे माणूस लाभले होते.

आता अर्जाविषयी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ अन्वये शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही वैद्यकीय विम्याची तरतूद करणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. एप्रिल २०२४ पासून पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला आहे. कंपनी जादा हप्ता मागू शकते, हे खरे. परंतु माहिती दडविल्यास ऐन गरजेच्या वेळी दावा फेटाळला जाण्याची भीती राहते. हे सर्व त्याला समजावून सांगितले. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध आहे.

त्याने थोडा वेळ विचार केला आणि दोन्ही आजार लिहिले. रकान्यातील जागा अपुरी पडली, तेव्हा नैराश्याच्या उपचारांचा तपशील त्याने वेगळ्या कागदावर लिहून, सही करून अर्जास जोडला.