नव्या नौकेची पारख

बैल घेताना त्याचे दात पाहावेत, घर घेताना पाया पाहावा आणि माठ घेताना तो बोटाने वाजवून पाहावा, हे आपल्याकडच्या जाणत्या माणसांना कुणी शिकवावे लागत नाही. पण समुद्रकाठी धक्क्याला लागलेली नवी कोरी मोटार-यॉट पाहायची वेळ आली, तर नेमके काय पाहावे? बहुतेक माणसे डोळ्यांत भरते तेवढेच पाहतात : शुभ्र पांढरा रंग, काळ्याभोर काचा, सागवानी डेक आणि आत मांडलेले मऊ कोच. गंमत अशी, की जे डोळ्यांत भरते त्याची समुद्राला फारशी पर्वा नसते. आणि समुद्राला ज्याची पर्वा असते ते पाण्याखाली, फळीखाली किंवा एखाद्या झाकणाखाली दडलेले असते. म्हणून नौकेची पारख खालून वर करावी, वरून खाली नव्हे. एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

ज्यांच्या खिशात एस.टी.चा पास तेवढा असतो अशा आम्हां विद्यार्थ्यांना हा उपद्व्याप कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी देऊ. तूर्त आपण नौका जिथे खरोखर पाहायला मिळतात अशा एका ठिकाणी, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील आंतीब या गावी जाऊ.

आंतीब हे नीस आणि कान या दोन शहरांच्या मधले जुने तटबंदीचे गाव. चौदाव्या लुईचा प्रसिद्ध लष्करी अभियंता व्होबाँ याने या गावाच्या संरक्षणाची बांधबंदिस्ती केली. त्याचेच नाव येथील बंदराला आहे. तटाच्या आत ग्रिमाल्दी घराण्याचा वाडा आहे. तेथे १९४६ साली पिकासोने चित्रे काढली आणि आज तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. तटाच्या बाहेर पाहावे तो नौकाच नौका! दीड हजाराच्या आसपास नौका लागतील एवढी जागा या बंदरात आहे. मच्छीमाराच्या छोट्या होडीपासून तरंगत्या राजवाड्यापर्यंत सर्व जाती येथे शेजारी शेजारी डुलताना दिसतात.

‘यॉट’ हा शब्द मूळचा डच भाषेतला. शिकारीचा, पाठलागाचा अर्थ त्यात आहे. डच लोकांच्या चपळ, हलक्या नौकांना हे नाव होते. १६६० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स गादीवर परत आला, तेव्हा अॅमस्टरडॅम शहराने त्याला ‘मेरी’ नावाची अशी एक नौका भेट दिली. दुसऱ्याच वर्षी राजा आणि त्याचा भाऊ यांनी टेम्स नदीत पैज लावून नौका हाकल्या. पाठलागाचे वाहन करमणुकीचे झाले ते असे.

अशा करमणुकीच्या नौकांसाठी बांधलेले बंदर म्हणजे मरीना. बंदरात माल उतरतो, मरीनात माणसे उतरतात, असे म्हटले तरी चालेल. तरंगते धक्के, दोर अडकवायचे खुंट, गोड्या पाण्याचे नळ, विजेची जोडणी, तेलाचा पंप आणि नौका उचलणारी यारी ही तिची सामग्री. भूमध्य समुद्रात मरीना एवढ्या फोफावल्या, याचे एक कारण अगदी साधे आहे : तेथे भरती-ओहोटी नावापुरती, वीत-दीड वीत. नौका मागच्या बाजूने धक्क्याला लावायची आणि छोटी फळी टाकून उतरायचे. सकाळी फळी जिथे होती तिथेच संध्याकाळी असते. आपल्या मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते आणि त्यात पावसाळ्याचे चार महिने दर्या खवळलेला. म्हणून गेटवेसमोरच्या खाजगी नौका धक्क्याला न लागता खोल पाण्यात दोराला बांधून ठेवतात आणि पावसाळ्यापूर्वी त्यांतील पुष्कळशा किनाऱ्यावर ओढून घेतात. याउलट, कोचीला भरती-ओहोटी जेमतेम मीटरभर आणि खाडीचा आडोसा. तेथे बोलगट्टी बेटावर मरीना उभी राहू शकली.

असो. आता समजा, आंतीबच्या धक्क्यावर सतरा-अठरा मीटर लांबीची एक नवी मोटार-यॉट विक्रीसाठी उभी आहे आणि विक्रेता आपल्याला हसतमुखाने आत बोलावतो आहे. जाणत्याने लगेच आत जाऊ नये. पहिली विनंती करावी ती अशी, की बोट यारीने पाण्याबाहेर उचलून दाखवा.

तळ पाहताच बोटीचा स्वभाव कळतो. ढोबळमानाने तळांच्या दोन जाती आहेत. पहिली जात पाणी बाजूला सारत चालणारी. हिचा तळ गोलसर आणि पोट भरलेले. दुसरी जात वेग येताच पाण्यावर चढून घसरत जाणारी. हिचा तळ मागच्या बाजूला सपाट किंवा पसरट असतो. पहिल्या जातीच्या वेगाला निसर्गानेच लगाम घातला आहे. बोट चालताना स्वतःची लाट उठवते. वेग वाढतो तशी ती लाट लांबत जाते आणि लाटेची लांबी बोटीएवढी झाली, की बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. मग इंजिनाने कितीही जोर लावला तरी तो टेकडी चढण्यातच खर्च होतो. या मर्यादेचा हिशेब सोपा आहे : पाण्याच्या रेषेवरील लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि २.४३ ने गुणावे. उत्तर सागरी मैलांत ताशी वेग देते. लांबी १६ मीटर असेल तर वर्गमूळ ४ आणि वेग सुमारे ९.७ सागरी मैल, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. आपल्या गावचा सायकलस्वारही तेवढा वेग काढील!

दुसऱ्या जातीची बोट ही टेकडी ओलांडून पलीकडे जाते; पण सपाट तळ लाटांवर दाणदाण आपटतो. यावर अमेरिकेतील रे हंट या आरेखकाने तोड काढली. त्याने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल उतरता तळ थेट मागच्या टोकापर्यंत नेला. त्याच्या आराखड्यावर बांधलेल्या ‘मॉपी’ या बोटीने १९६० साली मायामी ते नासाउ ही खवळलेल्या समुद्रातील शर्यत जिंकली, आणि तेव्हापासून हा तळ जगभर रूढ झाला. मात्र त्याचेही मोल द्यावे लागते : असा तळ वेगात सुखाचा, पण उभ्या बोटीत हेलकावे अधिक, आणि तेलही जास्त लागते. समुद्रावर कोणतीच गोष्ट फुकट मिळत नाही.

तेलाचा हिशेब खरेदीदाराने स्वतः कागदावर करावा. डिझेल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.१९ लिटर तेल लागते. आपल्या बोटीत ८०० अश्वशक्तीची दोन इंजिने आहेत आणि ती ऐंशी टक्के जोराने चालवली, तर तासाला सुमारे २४० लिटर तेल गेले. वेग २५ सागरी मैल धरला तर कॉर्सिका बेटावरील काल्व्ही हे सुमारे ९५ मैलांवरचे बंदर गाठायला चार तासांना थोडे कमी आणि ९१० लिटर तेल लागेल. जुन्या दर्यावर्दींचा नियम आहे : एक तृतीयांश तेल जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश दैवासाठी. म्हणजे टाकीत २,७०० लिटरांहून अधिक तेल हवे. टाकी २,४०० लिटरांची असेल, तर विक्रेत्याचे ‘सहज जाऊन येता येईल’ हे वाक्य दैवाचा वाटा खाऊन उच्चारलेले असते. काल्व्हीला तेल भरता येते हे खरे. पण वाटेत मिस्त्राल हा वायव्येचा वारा सुटला, तर पंप आपल्याकडे चालत येत नाही.

तळानंतर कातडी पाहावी. अशा बहुतेक बोटी काचतंतू आणि राळ यांच्या, म्हणजे आपण ज्याला नुसते फायबर म्हणतो त्याच्या असतात. थरांवर थर चढवून ती भिंत तयार होते. थर नीट चिकटले नसतील तर वरून काही दिसत नाही. परंतु प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने ठोकत गेले, तर चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो आणि पोकळ जागी बद्द. कुंभाराकडे माठ वाजवून पाहणाऱ्या आजीचे शास्त्र आणि नौकापरीक्षकाचे शास्त्र येथे एकच आहे.

त्यानंतर भोके मोजावीत. ऐकायला विचित्र वाटेल, पण प्रत्येक मोटारबोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोके असतात : इंजिन थंड ठेवणारे पाणी घेण्यासाठी, सांडपाणी सोडण्यासाठी, पंख्याचा दांडा बाहेर नेण्यासाठी. पाणी घेणाऱ्या प्रत्येक भोकावर झडप हवी आणि तिच्यापर्यंत माणसाचा हात पोचला पाहिजे. रबरी नळी निसटली, तर ती झडप बंद करायला काही क्षणच मिळतात. सुंदर कपाटाच्या मागे, स्क्रूंनी बसवलेल्या फळीआड झडप लपवलेली असेल, तर सजावटकाराची हौस फिटली पण खलाशाचा जीव टांगणीला लागला, असे समजावे. झडप काशाची की साध्या पितळेची, हेही विचारावे. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि धातू ठिसूळ होतो. याच कारणाने बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात आले, की हलका धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. तेव्हा पंखा वाचावा म्हणून जस्ताने झिजायचे, अशी ती योजना आहे.

इंजिनघरात उतरल्यावर चकाकीला भुलू नये. गाळणी बदलायला, पट्टा घट्ट करायला, तेल मोजायला जागा आहे का ते पाहावे. आग विझवण्याची पक्की बसवलेली व्यवस्था आहे का, आणि आग लागल्यास तेलाचा पुरवठा इंजिनघराबाहेरूनच तोडता येतो का, हे विचारावे. साचलेले पाणी उपसण्याचे पंप किती, आणि वीज गेल्यास हाताने चालणारा एखादा आहे का, हेही पाहावे.

मग कुठे सुकाणूपाशी यावे. तेथे जवळपास एक लहान पट्टी बसवलेली असते. तिच्यावर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असते. युरोपातील १९९४ च्या निर्देशाने ही पद्धत आली आणि २०१३ च्या निर्देशाने ती पुढे चालू आहे. चोवीस मीटरपर्यंतच्या करमणुकीच्या नौकांना ती लागू होते. सी वर्गाची नौका दोन मीटर उंचीच्या लाटांपर्यंत, बी वर्गाची चार मीटरांपर्यंत आणि ए वर्गाची त्याहून मोठ्या लाटांसाठी योजलेली असते. डी वर्ग शांत, आडोशाच्या पाण्यासाठी. किती माणसे आणि किती वजन, तेही त्याच पट्टीवर लिहिलेले असते. लाखो युरोंच्या त्या नौकेवर सर्वांत मोलाची ओळ एवढ्याशा पट्टीवर असते आणि पाहुण्यांपैकी क्वचितच कुणी ती वाचतो.

हे सारे केवळ कागदी आहे असे मानू नये. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीच्या पोर्तिचेल्लो गावासमोर नांगरलेली ‘बेझियन’ ही ५६ मीटर लांबीची आलिशान नौका वादळात कलंडून बुडाली. २२ जणांपैकी ७ जणांचे प्राण गेले. ती मोटार-यॉट नव्हती, उंच डोलकाठीची शिडाची यॉट होती. पण तिचा धडा सर्वांना सारखाच आहे. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंतरिम अहवालात म्हटले, की शिडे उतरवलेल्या आणि मधला सरकता कणा वर घेतलेल्या स्थितीत, ताशी ६३ सागरी मैलांहून अधिक वेगाचा वारा आडवा आल्यास ही नौका उलटू शकत होती. आणि नौकेवर ठेवलेल्या स्थैर्याच्या पुस्तिकेत या धोक्याची नोंदच नव्हती. म्हणजे मालकाला ठाऊक नाही, खलाशांना ठाऊक नाही. दिवाणखाना सगळ्यांना ठाऊक होता. नौका किती कलंडली की परत उठणार नाही, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हते.

अंतर्भाग शेवटी पाहावा, आणि तोही बोट हलते आहे अशी कल्पना करून. धरायला कठडे आहेत का? टेबलाचे कोपरे गोल आहेत का? डेकवर ओल्या पायांनी चालता येईल का? रात्री काळ्या काचांतून तांडेलाला समोरचे दिसेल का? झोपायची जागा बोटीच्या मध्याजवळ असेल तर हेलकावे कमी लागतात; टोकाची खोली मात्र दिसायला ऐसपैस आणि झोपायला पाळण्यासारखी.

सरतेशेवटी बोट समुद्रावर न्यावी, आणि शक्य तर वारा असलेल्या दिवशी. इंजिन थंड असताना सुरू करावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर त्याचे कारण विचारावे. धूर पाहावा : काळा धूर म्हणजे इंजिनावर भार जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे वंगण जळते आहे. पूर्ण जोर दिल्यावर इंजिन ठरलेले फेरे गाठते का ते पाहावे. गाठत नसेल तर पंखा बोटीला जड आहे. सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळवावे, एकदम थांबवून पाहावे, आणि परतल्यावर पुन्हा तळाशी डोकावून पाणी आले का ते बघावे.

आता त्या मघाच्या प्रश्नाचे उत्तर. आपण यॉट घेणार नाही हे खरे. पण मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये आपण बसतो, कर्ज काढून घर घेतो, पुस्तके वाचतो, माणसे निवडतो. सगळीकडे कुणीतरी आपल्याला दिवाणखाना दाखवत असते आणि झडपा फळीआड असतात. विक्रेता वाईट असतो असे नाही. जे विचारले जात नाही ते तो सांगत नाही, इतकेच. विचारणे हे आपले काम.

आंतीबच्या तटावर एक मोठे शिल्प आहे. स्पॅनिश शिल्पकार झाऊमे प्लेन्सा याने नुसती पांढरी अक्षरे एकमेकांना जोडून गुडघे जवळ घेऊन बसलेला माणूस घडवला आहे. आतून तो पोकळ आहे, आणि बंदरातील नौकांकडे पाठ करून समुद्राकडे पाहतो आहे. कला शाखेत शिकणारे आपणही अक्षरांचीच माणसे. त्या बंदरात कधी जाणे झालेच, तर त्याच्यासारखे आधी समुद्राकडे पाहावे. नौका मग पाहावी, आणि तीही तळापासून.