मोबाईलमधला आहारसल्लागार आणि आपली थाळी

जपानमधले इचिकावा हे शहर टोकियोला लागूनच आहे. मध्ये फक्त एदो नदी. नदीच्या टोकियोकडच्या बाजूला निशि-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. त्यांत मराठी घरेही आहेत. २०१९ साली तिथल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी भाषक गृहस्थ निवडून आले. निशि-कासाईहून लोकलने चार स्टेशने पुढे गेले, की इचिकावातले ग्योतोकू लागते.

पेण-उरणकडच्या वाचकांना ग्योतोकू ओळखीचे वाटेल, कारण तिथे पूर्वी मिठागरे होती. तोकुगावा राजवटीत एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, इथून होड्यांनी मीठ जात असे. आता मिठागरे उरली नाहीत. जिभेवरची मिठाची गोडी मात्र उरली. सोया सॉस, मिसोचे सूप, खारवलेली उमेबोशी, खारे मासे असे तिथले जेवण दिसायला हलके, पण मीठ भरपूर. एका खाऱ्या उमेबोशीत सुमारे दोन ग्रॅम मीठ असू शकते. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खा म्हणते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरसुद्धा नाही.

आकडे कळले, तर निवड करता येते

जपानने यावर साधा उपाय केला. एप्रिल २०२० पासून बहुतेक पाकीटबंद पदार्थांवर पाच गोष्टी छापणे सक्तीचे झाले: उष्मांक, प्रथिने, स्निग्धांश, कर्बोदके आणि मीठ. मीठ ग्रॅममध्ये लिहायचे, म्हणजे कुणालाही कळते.

आपल्याकडच्या पाकिटावर 'सोडियम' मिलिग्रॅममध्ये असते. त्याचा हिशेब सोपा आहे: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ. फरसाण, पापड, लोणचे किंवा सूपचे पाकीट घेताना हा आकडा जरूर पाहा. बहुधा तो १०० ग्रॅमचा असतो, तेव्हा आपण खातो किती तेही धरा.

मोबाईलमधली आहाराची ॲप अशाच आकड्यांवर चालतात. जपानमध्ये 'आस्केन' नावाचे ॲप बरेच लोक वापरतात. आपण काय खाल्ले ते त्यात लिहायचे किंवा ताटाचा फोटो द्यायचा. ॲप शंभरपैकी गुण देते आणि पडद्यावरची आहारतज्ज्ञ बाई काय कमी, काय जास्त ते सांगते. अशा सल्ल्यामागे खऱ्या आहारतज्ज्ञांचे ज्ञान लागते. इचिकावातल्या कोनोदाई भागात वायो महिला विद्यापीठ आहे, तिथे असे आहारतज्ज्ञ शिकून तयार होतात.

ज्येष्ठांनी इथे सावध राहावे

बरीचशी आहार-ॲप वजन कमी करू पाहणाऱ्या तरुणांसाठी बनवलेली असतात. कमी खाल्ले की ती खूश होतात. सत्तरीतल्या माणसाची अडचण बहुधा उलटी असते. भूक मंदावते, दात साथ देत नाहीत, एकट्यापुरते रांधायचा कंटाळा येतो आणि चहा-बिस्किटावर संध्याकाळ निघते. वजन उतरते तसे स्नायूही जातात, मग तोल जातो आणि पडणे-झडणे सुरू होते. जपानच्या वृद्धरोग संघटनेने २०१४ साली या अशक्तपणाला 'फ्रेल' हे नाव दिले, ते लोकांनी त्याकडे वेळीच लक्ष द्यावे म्हणून. तिथल्या सरकारी आहारमानात तरुणांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ पासून योग्य धरतात, पण ६५ वर्षांपुढे तो २१.५ ते २४.९ असावा असे म्हणतात. थोडक्यात, म्हातारपणी फार हडकुळे असणे बरे नव्हे.

म्हणून मुला-नातवंडांनी फोनवर ॲप घालून दिले, तर आधी 'वजन कमी करणे' हे उद्दिष्ट काढून 'वजन टिकवणे' ठेवायला सांगा. डॉक्टरांनीच वजन उतरवायला सांगितले असेल, तर गोष्ट वेगळी.

दहा खुणांची युक्ती

टोकियोच्या वृद्धत्व संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी ज्येष्ठांसाठी फार सोपी मोजणी तयार केली. उष्मांक नाहीत, वजनकाटा नाही. दहा प्रकारचे पदार्थ घ्यायचे आणि जो प्रकार जवळजवळ रोज खाल्ला जातो त्याला एक गुण द्यायचा. विविध प्रकार खाणाऱ्या वृद्धांची रोजची कामे करण्याची ताकद जास्त टिकते, असे त्यांना आढळले. सात किंवा जास्त गुण मिळवा, असे तिथे सांगतात. हे दहा प्रकार लक्षात राहावेत म्हणून त्यांच्या आद्याक्षरांचे एक जपानी वाक्यही केले आहे. त्याचा अर्थ साधारण 'चला, हसतखेळत जेवू या' असा होतो.

आपल्या स्वयंपाकघरात ती यादी अशी मांडता येईल:

१. मासळी (खवले-पर असलेली)
२. मटण किंवा कोंबडी
३. अंडे
४. दूध किंवा दही
५. सोयाबीनच्या जागी डाळ, वालाचे बिरडे, चणे, मूग
६. पालेभाजी, गाजर, भोपळा
७. बटाटा, रताळे, सुरण
८. फळ
९. तेल, बेताचे. 'शनिवार तेली' म्हणवणाऱ्यांना तेलाची पारख सांगायला नको!
१०. जपानी लोक इथे समुद्रशेवाळ धरतात. आपला चायना ग्रासचा हलवा शेवाळापासूनच होतो, पण साखर आणि नारळाचे दूध असलेला हलवा रोजचा नव्हे. त्याजागी दुसरी एखादी भाजी धरा.

कोशेरला यात अडचण येत नाही, कारण मोजणी दिवसाची आहे, एका ताटाची नाही. सकाळी दूध, दुपारी बिरडे-भात आणि मासळी, रात्री नारळाच्या रसातली कोंबडी: मांस आणि दूध वेगळेच राहिले, आणि गुण चार मिळाले. परक्या ॲपला हे ठाऊक नसते. ते कोंबडीवर चीज घालायला सुचवील. आपण ते सोडून द्यावे.

फोटोला न दिसणारे

फोटोवरून ॲपला ताटातला रस्सा दिसतो. त्यात किती नारळ पिळला, किती तेल घातले, मीठ किती, हे दिसत नाही. आपले मांस तर आधीच भिजवून, मीठ लावून, धुऊन घेतलेले असते. धुतल्यावरही त्यात काही मीठ राहते. म्हणून ते शिजवताना वरून मीठ कमी घाला आणि कोकम, लिंबू, कोथिंबीर, आले यांनी चव आणा. सुकट आणि सुके मासे खाण्याच्या दिवशी पापड-लोणच्याला सुट्टी द्या.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने, फळे, कंद किती घ्यावेत हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियम असते; मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तदाबाची काही औषधेही पोटॅशियम वाढवतात, हेही ध्यानात ठेवा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा ज्यांना पडद्यावरची अक्षरे वाचवत नाहीत, त्यांचेही काही अडत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी ही दहा नावे ठळक लिहून लावा. रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी खाल्लेले प्रकार मोजा आणि आकडा तारखेच्या चौकोनात लिहा. अश्दोद, दिमोना किंवा लोदहून मुलांचा फोन आला आणि त्यांनी "आई, जेवलीस का?" विचारले, तर नुसते "हो" म्हणू नका. "आज आठ झाले" असे सांगा. आकडा चारावर आला असेल, तर तेही सांगा. म्हणजे काळजी कशाची करायची हे त्यांनाही कळेल.