अर्धवट हस्तलिखित आणि चळवळीतला लेखक

चळवळीत वावरणाऱ्या लेखकाच्या पेटीत अर्धवट हस्तलिखिते पुष्कळ सापडतात. याचे कारण आळस किंवा प्रतिभेचा अभाव असे सांगितले जाते. मला ते मान्य नाही. पांढरपेशा लेखकाला एक पुस्तक संपवून दुसऱ्याकडे वळण्याची सवड असते. आपल्याकडे कथा निम्म्यावर असताना पत्रक लिहावे लागते, कवितेची वही मिटून निवेदन तयार करावे लागते. हाक आली की लेखणी तिकडे वळते, आणि ती वळलीच पाहिजे. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. सुटलेले लेखन पुन्हा धरायचे कसे?

बाबासाहेबांच्या लेखनाकडे या दृष्टीने पाहावे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी १९५१ साली हाती घेतला. त्याच वर्षी मंत्रिपदाचा राजीनामा, १९५२ ची निवडणूक, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक, आणि साऱ्या काळात खालावत गेलेली प्रकृती. तरी १९५६ साली ग्रंथ पुरा झाला. प्रसिद्ध झाला तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली. याच ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आणखी दोन पुस्तकांचा उल्लेख केला आहे : एक बुद्ध आणि मार्क्स यांच्यावरचे, दुसरे प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरचे. तिन्ही मिळून एक संच होतो, असे ते सांगतात. दुसरे दोन ग्रंथ त्यांच्या हातून पुरे झाले नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली तिसऱ्या खंडात ते लेखन छापले, तेव्हा ते लोकांसमोर आले. यातून मी एक गोष्ट घेतो. पुस्तके तीन असली तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच होता. लेखक एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे गेला तरी प्रश्न सोडून गेला नाही, तर परतीची वाट बंद होत नाही.

मग गती तुटते ती कशाने? माझा अनुभव सांगतो. मी आजोबांच्या येसकरकीवर लिहीत होतो. १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतन कागदावरून गेले. पण गावाच्या मनातून आणि आजोबांच्या पाठीच्या वाकातून ते कसे गेले नाही, हे मला मांडायचे होते. तेवढ्यात गायरान कसणाऱ्या आमच्या माणसांना नोटिसा आल्या. वही मिटली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघालेला होता. त्याच्या आधारे गट नंबर, दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे गोळा करून अर्ज लिहिण्यात कित्येक महिने गेले. परत वही उघडली तेव्हा आजोबांवरचे पहिलेच वाक्य अर्जासारखे आले. अर्जाचा वाचक अधिकारी असतो. त्याला पुरावा हवा असतो. आठवणीचा वाचक आपला माणूस असतो. त्याला आवाज हवा असतो. तुटतो तो हा आवाज. विषय आणि टिपणे जागच्या जागी असतात.

म्हणून उपायही आवाजापासून सुरू करावा. परतल्यावर सगळे हस्तलिखित पहिल्यापासून वाचू नये. वाचता वाचता माणूस दुरुस्त्या करत बसतो आणि पुढचे पान कोरेच राहते. शेवटचे एक पान घ्यावे आणि ते हाताने पुन्हा उतरून काढावे. ते घरातल्या जाणत्या बाईला मोठ्याने वाचून दाखवावे. तिने "आसं न्हाई, आसं व्हतं" म्हटले की बोली परत येऊ लागते. पहिले आठ दिवस रोज अर्धेच पान लिहावे. आणि काम सोडायची वेळ येईल तेव्हा, धावपळीतही, पुढे काय लिहायचे होते याच्या दोन ओळी वहीत टाकूनच उठावे.

आणखी एक. मधल्या कामाला अडथळा समजू नये. गायरानाचे उतारे चाळताना मला दिसले की, पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याचे नाव कागदावर 'अतिक्रमणदार' एवढेच असते. आजोबा गावाची सारी कामे करत होते आणि गावाच्या लेखी केवळ 'येसकर' होते. दोन्ही लेखनांचा प्रश्न एकच निघाला : आपले नाव कोण लिहितो? त्या प्रश्नाने माझी वही पुन्हा चालू झाली.

प्रस्थापितांचे एखादे हस्तलिखित अपुरे राहिले तर ग्रंथालयात एक पुस्तक कमी होते. आपल्या आजोबा-आजींचे जगणे दुसऱ्या कुठल्याही दप्तरात नाही. ते ज्याच्या वहीत निम्म्यावर थांबले आहे, त्या कार्यकर्त्याने, विद्यार्थ्याने, शिक्षकाने या आठवड्यात शेवटचे पान उतरून काढावे. उद्या मोर्चा निघेल तेव्हा वही पुन्हा मिटेल. मिटू द्यावी, मिटताना त्या दोन ओळी मात्र विसरू नयेत.