फॉस्फेट लागतं, फॉस्फेट सुटतं

लोकल गाठायला माणूस पुलाच्या पायऱ्या धावत चढतो, तेव्हा त्याच्या मांडीच्या स्नायूंना तिथल्या तिथे इंधन लागतं. ते स्नायूतच ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेलं असतं. ग्लायकोजेन फोडणारं फॉस्फोरिलेज हे एन्झाइमही तिथेच हजर असतं, पण आपण बसलेलो असताना ते जवळजवळ स्वस्थ असतं. जनुकावरून नवं प्रथिन घडवायचं तर पेशीला काही मिनिटं तरी हवीत, आणि तोवर गाडी निघून जाईल. म्हणून पेशी आहे त्याच प्रथिनाला काही सेकंदांत कामाला लावते. ती हे कसं करते, याचा उलगडा 1955च्या सुमारास अमेरिकेत सिएटलला झाला आणि त्याला निमित्त ठरला साधा फिल्टर पेपर.

फॉस्फोरिलेजची दोन रूपं असतात, एक सक्रिय ‘ए’ आणि दुसरं सुस्त ‘बी’, हे सेंट लुईसच्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने आधीच दाखवलं होतं. सिएटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स सशाच्या स्नायूंच्या अर्कावर काम करत होते. अर्क सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून स्वच्छ केला की त्यांच्या हाती ‘बी’ लागायचं. कोरींच्या पद्धतीने कागदातून गाळला की मात्र ‘ए’. शोध घेतल्यावर कळलं, की कागदात कॅल्शियमचा अंश आहे आणि तो अर्कातल्या दुसऱ्याच एका एन्झाइमला जागं करतो. हे एन्झाइम, म्हणजे कायनेज, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूवरचं एक फॉस्फेट उचलून फॉस्फोरिलेजवर बसवतं. (हे एटीपी 1929 मध्ये ज्यांच्या हाती लागलं त्यांत हार्वर्डमध्ये काम करणारे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आवर्जून सांगायला हवं.) मज्जातंतूच्या इशाऱ्यावर स्नायू आकसतो तेव्हाही पेशीत कॅल्शियमच मोकळं होतं. कागदाने नकळत मज्जातंतूचं काम केलं होतं.

फॉस्फोरिलेजच्या एका साखळीत सुमारे 840 अमिनो आम्लं असतात. फॉस्फेट बसतं ते त्यातल्या 14व्या जागेवरच्या सेरीनवर. फॉस्फेटवर ऋणभार असतो, त्यामुळे साखळीचं ते टोक जागा सोडून धनभार असलेल्या आर्जिनीनकडे ओढलं जातं. सगळ्या रेणूचा आकार बदलतो आणि ग्लायकोजेन फोडण्याची जागा कामाला तयार होते. घाबरल्यावर सुटणारं अ‍ॅड्रिनलिनही याच वाटेने काम करतं. एक कायनेज दुसऱ्याला चेतवतं, ते फॉस्फोरिलेजला, आणि दर पायरीला परिणाम कैक पटींनी वाढतो. क्रेब्स आणि फिशर यांना यासाठी 1992चं नोबेल मिळालं.

कौतुक बहुतेक वेळा फॉस्फेट लावणाऱ्या कायनेजचं होतं. काढणाऱ्या फॉस्फेटेजची गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिलं जाणारं सायक्लोस्पोरीन घ्या. ते कॅल्सिन्यूरिन नावाचं एक फॉस्फेटेज अडवतं. त्यामुळे रोगप्रतिकारक पेशीतल्या एका प्रथिनावरचे फॉस्फेट सुटत नाहीत, ते प्रथिन केंद्रकात शिरत नाही आणि परक्या अवयवावर हल्ल्याचा हुकूमच निघत नाही.

प्रथिनांवर फॉस्फेटखेरीज आणखीही पुष्कळ काही बसतं. अ‍ॅसिटिल गट हिस्टोनवर बसला की त्याभोवती गुंडाळलेला डीएनए सैल होतो. युबिक्विटिनची साखळी लागली की प्रथिन बहुधा मोडीत निघतं. पण माणसाच्या आजाराशी सर्वांत थेट गाठ पडली ती फॉस्फेटचीच.

1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर कर्करोग घडवणाऱ्या विषाणूंची प्रथिनं तपासत होते. पुन्हा पुन्हा वापरलेल्या बफरची आम्लता थोडी वाढली होती. त्यामुळे फॉस्फेट लागलेल्या अमिनो आम्लांचे एरवी एकत्र राहणारे दोन ठिपके वेगळे झाले आणि फॉस्फेट टायरोसिन या अमिनो आम्लावरही बसतं हे दिसलं. निरोगी पेशीत असं टायरोसिन अगदी विरळ, फॉस्फेट लागलेल्या दर दोन हजार अमिनो आम्लांमागे एखादं.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून जे जोडप्रथिन बनतं ते टायरोसिनवर फॉस्फेट बसवणारं कायनेज असतं आणि ते थांबतच नाही. इमॅटिनिब हे औषध या कायनेजच्या एटीपीच्या खाचेतच जाऊन बसतं. कर्करोगतज्ज्ञ ब्रायन ड्रुकर यांच्या पहिल्या चाचणीत दिवसाला 300 मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेतलेल्या 54 जणांपैकी 53 जणांच्या रक्तपेशींची संख्या पूर्ववत झाली. मे 2001 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

भारतात या औषधाचा झगडा न्यायालयात गेला. हे औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. तेव्हा मूळ गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे 1,20,000 रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा 8 ते 10 हजार. हा आजार असलेल्या बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षं, रोज घ्यावी लागते. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं आणि स्वस्त गोळ्या बाजारात राहिल्या.