नोंदवही कोणासाठी?

बिहारच्या अररिया जिल्ह्यातील कपरफोरा येथील सरकारी शाळेत ७ जानेवारी २०१२ च्या रात्री ५३ स्त्रियांवर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. शल्यचिकित्सक एक, वेळ जेमतेम दोन तास, उजेड विजेरीचा आणि शस्त्रक्रियेचे टेबल म्हणून शाळेचे बाक. वाहते पाणी नव्हते, उपकरणे निर्जंतुक करण्याची सोय नव्हती, पूर्वतपासण्या झाल्या नव्हत्या. आरोग्य कार्यकर्त्या देविका बिस्वास यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे हे तपशील देशासमोर आले. ती याचिका प्रलंबित असतानाच, नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर अशाच शस्त्रक्रिया केल्या. तेथील शिबिरांनंतर किमान १३ स्त्रियांचा मृत्यू झाला. दोष औषधाचा होता की जंतुसंसर्गाचा, यावर पुढे दीर्घकाळ वाद होत राहिला.

या दोन्ही घटनांत नियमांचा अभाव होता, असे म्हणता येणार नाही. २००५ मध्येच, रमाकांत राय यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना स्पष्ट आदेश दिले होते. पात्र डॉक्टरांची यादी ठेवा, प्रत्येक रुग्णाची तपासणीसूची भरा, संमतिपत्राचा नमुना एकच असू द्या, शस्त्रक्रिया आणि मृत्यूंची आकडेवारी जपा, असा त्यांचा आशय होता. कागदावर सारे होते. नव्हता तो कागद आणि शस्त्रक्रियागृह यांना जोडणारा धागा. अखेर १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

स्वच्छता आणि नोंदी ही आपल्याकडे दोन वेगळी खाती मानली जातात. एक सफाई कामगाराचे, दुसरे कारकुनाचे. प्रत्यक्षात ती एकाच शिस्तीची दोन अंगे आहेत, आणि हे भारताच्याच संदर्भात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झाले होते. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारने भारतातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. पण त्यांनी येथील लष्करी ठाण्यांकडे प्रश्नावल्या धाडल्या. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, खाटांमध्ये अंतर किती, कोण कशाने मरते, असे ते प्रश्न होते. १८६३ च्या अहवालातून निघालेले चित्र भीषण होते. गोऱ्या सैनिकांमधील मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ इतके होते, आणि त्यातील बहुतेक मृत्यू शत्रूच्या गोळीने नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले होते. त्याच वर्षी रुग्णालयांवरील आपल्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीत बाईंची तक्रार होती की, परस्परांशी ताडून पाहता येतील अशा नोंदी रुग्णालयांकडे नाहीतच. मोजले नाही तर सुधारणा कशात करायची हे कळत नाही, एवढा साधा त्यांचा मुद्दा होता.

आजच्या नियमांत या मुद्द्याचे प्रतिबिंब ठळक दिसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा चार रंगांत वेगळा करावा लागतो. शरीराचे अवशेष आणि रक्ताने भिजलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आणि पाती पांढऱ्या डब्यात, तर काच निळ्या खोक्यात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक साठवता येत नाही, पिशव्यांवर बारकोड लागतो, अपघातांची नोंद करावी लागते आणि या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस देणेही बंधनकारक आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. किती रुग्णांना हा हक्क ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

या नियमांमागे कटू अनुभव आहे. २००९ च्या प्रारंभी गुजरातमधील मोडासा परिसरात कावीळ-बची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा टोचल्या जात होत्या, आणि टाकाऊ सिरिंजचा चोरटा व्यापार चालत असल्याचेही उघड झाले. एका सुईचा हिशेब न ठेवणे म्हणजे काय, हे त्या जिल्ह्याने मोजलेल्या किमतीवरून कळावे.

आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदाही देशभर एकसारखा लागू नाही. आरंभी तो अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम, सिक्कीम आणि केंद्रशासित प्रदेशांत आला. नंतर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान यांसारख्या राज्यांनी तो स्वीकारला. महाराष्ट्र मात्र १९४९ च्या आपल्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच चालतो. सरकारी रुग्णालयांसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजना आहे. स्वच्छतेचे गुणांकन करून बक्षीस देण्याची ही कल्पना चांगली आहे, कारण तिने शिक्षेऐवजी अभिमानाला हात घातला.

तरीही बक्षीस असो वा दंड, दोन्हींत एक धोका सारखाच आहे. नोंद जेव्हा केवळ तपासनिसासाठी लिहिली जाते, तेव्हा ती खरी राहत नाही. स्वच्छतागृहाच्या दारामागील तक्त्यावर आठवड्याच्या सगळ्या सह्या एका बैठकीत, एकाच शाईने उमटू लागतात. अशी वही रिकाम्या वहीपेक्षा घातक. कारण रिकामी वही निदान शंका तरी निर्माण करते.

यावर उपाय म्हणजे आणखी एक अर्ज छापणे नव्हे. पहिली गोष्ट, प्रसूती वा शस्त्रक्रियेनंतर झालेल्या संसर्गाचे आकडे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ठरावीक काळाने जाहीर करावेत, आणि ते प्रामाणिकपणे सांगणाऱ्यास शिक्षा होऊ नये. दुसरी, संसर्ग नियंत्रण समितीत सफाई कामगारांच्या प्रतिनिधीला जागा हवी. सुई कोणत्या पिशवीत पडते हे अधीक्षकापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते, आणि ती चुकीच्या पिशवीत पडली तर टोचते त्यालाच. कंत्राटी नेमणूक आणि अपुरे हातमोजे यांत अडकलेल्या माणसाकडून केवळ सहीची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. तिसरी, परिचारिकांची रिक्त पदे भरली पाहिजेत. एकीवर अख्ख्या कक्षाचा भार असेल, तर ती आधी रुग्णाकडे धावेल, वहीकडे नाही, आणि तिने तसेच करावे.

कपरफोराच्या त्या ५३ स्त्रियांना कोणी नियमांची प्रत दाखवली नव्हती. त्यांचा विश्वास माणसांवर होता. रुग्णालयातील प्रत्येक नोंद ही त्या विश्वासाची पोच असते. ती खरी असावी याची सर्वाधिक गरज तपासनिसाला नाही. जिला वाचता येत नसले तरी जिचा अंगठा त्या कागदावर आहे, तिला आहे.