सेकंदाचा हिशेब : टोकियोची ‘यामानोते’ खेळात उतरते तेव्हा

आगगाडी चालवण्याचा संगणकीय खेळ म्हटला की वेग, धडधडणारे इंजिन आणि मागे पळणारी झाडे डोळ्यांसमोर येतात. जपानमध्ये गेली सुमारे तीस वर्षे लोकप्रिय असलेल्या ‘देन्शा दे गो!’ या खेळाची कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी लागते. गाडी पळवणे कोणालाही जमते. ती ठरलेल्या सेकंदाला, ठरलेल्या खुणेवर थांबवणे कठीण. ‘ताइतो’ या कंपनीने १९९६ साली हा खेळ प्रथम नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी आणला, तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती खऱ्या मोटरमनसारखे दोन दांडे दिले होते. एका हाताने गती द्यायची, दुसऱ्या हाताने ब्रेक लावायचा. समोर रोज लाखो नोकरदारांना वाहून नेणारे शहरी मार्ग होते. उशीर झाला, गाडी फलाटावरची खूण ओलांडून गेली, ब्रेक फार जोरात दाबला, की हातातले सेकंद कापले जात आणि ते संपले की खेळही वाटेतच संपे.

याच मालिकेतला एक महत्त्वाचा खेळ ३ डिसेंबर २०२० रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन ४ साठी प्रकाशित झाला. त्यात टोकियोच्या ‘यामानोते’ मार्गाचे संपूर्ण वर्तुळ संगणकीय चित्रांतून उभे केले आहे. शिबुया, शिंजुकु, इकेबुकुरो, उएनो, टोकियो, शिनागावा ही महानगराची सारी मोठी ठाणी या एकाच मार्गावर गुंफलेली आहेत. १४ मार्च २०२० रोजी सुरू झालेले ‘ताकानावा गेटवे’ हे तिसावे स्थानकही, जेमतेम नऊ महिन्यांत, खेळात आले. नोकरदारांच्या रोजच्या प्रवासाचा, एरवी कोणी खिडकीबाहेरही न पाहणारा मार्ग इतक्या आस्थेने खेळात का उतरवावा, याचे उत्तर त्या मार्गाच्या गणितात आहे.

वर्तुळाचे गणित

यामानोतेची एक फेरी ३४.५ किलोमीटरची. तीस स्थानके घेत ती पुरी करायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे दोन स्थानकांमधले अंतर सरासरी सव्वा किलोमीटरहूनही कमी. गाडीने वेग घेतला न घेतला तोच ब्रेकची वेळ येते. या मार्गावर अकरा डब्यांच्या ‘ई२३५’ गाड्या धावतात. एक डबा सुमारे २० मीटरचा, म्हणजे सबंध गाडी सुमारे २२० मीटरची.

आता समजा, गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने स्थानकाकडे येते आहे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दर सेकंदाला वेग एक मीटरने कमी होईल असा ब्रेक लावला, तर गाडी थांबायला २० सेकंद लागतात आणि त्या काळात ती २०० मीटर पुढे जाते. हाच ब्रेक एक सेकंद उशिरा लावला, तर गाडी २० मीटर पुढे जाऊन थांबेल. एका सेकंदाची चूक म्हणजे एक अख्खा डबा फलाटाबाहेर. लवकर ब्रेक लावावा, तर गाडी खुणेआधीच रेंगाळते, पुन्हा थोडी पुढे घ्यावी लागते आणि सेकंद वाया जातात. म्हणून सराईत चालक सुरुवातीला ब्रेक घट्ट धरतो आणि वेग उतरेल तसा तो पायरीपायरीने सैल करत आणतो. शेवटच्या क्षणी ब्रेक जवळजवळ सुटलेला असतो. तसे केले नाही तर डब्यात उभी असलेली माणसे एकमेकांवर कोसळतात. मुंबईच्या लोकलमध्ये दांडी धरून उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने हा फरक अंगावर अनुभवलेला असतो. त्यामागचे कारण मात्र मोटरमनच्या केबिनमध्येच उमगते.

सेकंदांचे महत्त्व वर्तुळात आणखी वाढते. तीस थांब्यांपैकी प्रत्येकावर केवळ दोन सेकंद जास्त गेले, तर फेरीअखेर पुरे मिनिट गेले. साध्या मार्गावर गाडी शेवटच्या स्थानकावर काही वेळ उभी राहते आणि झालेला उशीर तिथे पोटात घालता येतो. वर्तुळाला असे शेवटचे स्थानक नसते. पाठोपाठ काही मिनिटांच्या अंतराने दुसरी गाडी येतच असते. एक गाडी रेंगाळली की पुढच्या फलाटावर गर्दी वाढते, गर्दीमुळे दारे मिटायला वेळ लागतो आणि उशीर आणखी वाढतो. जपानमध्ये चालकाच्या वेळापत्रकात मिनिटांबरोबर सेकंदही लिहिलेले असतात, ते यासाठीच. टोकियोजवळच्या ‘त्सुकुबा एक्सप्रेस’ची एक गाडी नोव्हेंबर २०१७ मध्ये एका स्थानकावरून २० सेकंद आधी सुटली, तेव्हा रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली होती. जगभर ती बातमी कौतुकाने आणि काहीशा गमतीने वाचली गेली.

मुंबईशी एक योगायोग

यामानोतेचे वर्तुळ कांदा ते उएनो हा राहिलेला तुकडा जोडला गेल्यावर १ नोव्हेंबर १९२५ रोजी पूर्ण झाले. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातली पहिली विजेवर चालणारी गाडी धावली. आशियातल्या दोन महानगरांच्या रोजच्या प्रवासाला आजचे वळण एकाच वर्षी लागले. आज दोन्हीकडची स्थिती भिन्न आहे. यामानोतेच्या फलाटांवर सरकती दारे बसवलेली आहेत. गाडीचे दार आणि फलाटाचे दार समोरासमोर यायला हवे, म्हणून गाडी नेमक्या जागी थांबवण्याचे काम आता बव्हंशी स्वयंचलित यंत्रणा करते. पूर्णपणे आपोआप गाडी चालवण्याच्या चाचण्याही या मार्गावर झाल्या आहेत. मुंबईचा मोटरमन मात्र आजही प्रत्येक स्थानकात गाडी हातानेच थांबवतो.

यामुळे खेळाला एक अनपेक्षित मोल आले आहे. जे कौशल्य खऱ्या यामानोतेवर चालकाच्या हातून यंत्राकडे चालले आहे, ते खेळात टिकून आहे. ब्रेक किती सैल करावा, तो कधी सोडावा, हे हाताला कळणारे ज्ञान पुस्तकात उतरवता येत नाही. करून पाहिल्यावरच ते येते.

चित्रफितीतला मार्ग

मार्ग खेळात उतरवण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला संगणकीय चित्रांचा. त्यात रूळ, सिग्नल, फलाट, इमारती सारे एकेक करून रचावे लागते. पण एकदा रचल्यावर पाऊस, रात्र, समोरून येणारी गाडी हे सगळे हवे तसे बदलता येते. दुसरा रस्ता चित्रफितीचा. खऱ्या गाडीच्या पुढच्या काचेतून मार्गाचे चित्रण करायचे आणि खेळणाऱ्याच्या वेगानुसार ती फीत जलद किंवा संथ फिरवायची.

दुसऱ्या पद्धतीचे नाव ‘ओंगाकुकान’ या कंपनीशी जोडलेले आहे. तिचे संस्थापक मिनोरु मुकाइया हे ‘कॅसिओपिया’ या नामवंत वाद्यवृंदाचे माजी कीबोर्डवादक. त्यांच्या कंपनीचा पहिला ‘ट्रेन सिम्युलेटर’ १९९५ साली आला आणि त्याचा विषय होता टोकियोचा चुओ हा नोकरदारांचाच मार्ग. पुढे हीच कंपनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर बनवू लागली. खेळ म्हणून जन्मलेली कल्पना प्रशिक्षण केंद्रात पोहोचली. मग उलटा प्रवासही घडला. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरवर आधारलेला खेळ सर्वांसाठी खुला केला. खरे चित्रण आणि खरे आवाज हे त्याचे वैशिष्ट्य.

चित्रफितीला मर्यादाही आहे. ज्या दिवशी चित्रण झाले, त्या दिवसाचे ऊन आणि त्या दिवशीचे फलाट तिच्यात कायमचे बंदिस्त होतात. गाडी मध्येच थांबवली तर बाहेरचे जगही थांबते. पण हीच मर्यादा काही वर्षांनी ठेवा ठरते. शहर बदलते, जुन्या इमारती जातात, स्थानके नव्याने बांधली जातात. एका विशिष्ट दिवशीचा नेहमीचा रस्ता मात्र फितीत जसाच्या तसा उरतो. रोजच्या गोष्टींची नोंद सहसा कोणी ठेवत नाही, म्हणून ती मोलाची.

अमागासाकीचे वळण

सिम्युलेटरचा मूळ हेतू माणसाला चूक करू देण्याचा आहे. इथे चुकले तर कोणाला इजा होत नाही. चूक कशामुळे झाली ते पाहता येते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. खऱ्या रेल्वेने हा धडा विसरून सेकंदांचा हिशेब केवळ शिक्षेसाठी वापरला, तर काय होते, हे जपानने २५ एप्रिल २००५ रोजी पाहिले.

त्या सकाळी जेआर वेस्ट कंपनीची सात डब्यांची एक जलद गाडी ताकाराझुकाहून निघाली होती. चालक २३ वर्षांचा, गाडी चालवण्याचा अनुभव ११ महिन्यांचा. इतामी स्थानकात गाडी थांबण्याच्या खुणेच्या सुमारे ७० मीटर पुढे गेली आणि मागे घ्यावी लागली. तिथून सुटताना तिला सुमारे एक मिनिट वीस सेकंद उशीर झाला होता. पुढे अमागासाकीजवळ ३०४ मीटर त्रिज्येचे वळण होते. त्यावर वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर असताना गाडी सुमारे ११६ च्या वेगाने शिरली, रुळांवरून घसरली आणि रुळांलगतच्या निवासी इमारतीवर आदळली. चालकासह १०७ जणांचा मृत्यू झाला, ५६२ जण जखमी झाले.

चौकशी आयोगाच्या अहवालात तांत्रिक कारणांबरोबर एका व्यवस्थेचाही उल्लेख आला. गाडी उशिरा आणणाऱ्या किंवा खूण ओलांडणाऱ्या चालकाला या कंपनीत ‘निक्किन क्योइकु’ या नावाच्या पुनर्प्रशिक्षणाला धाडले जाई. त्यात कौशल्याच्या सरावापेक्षा कबुलीनामे लिहिणे, बोलणी खाणे, तण उपटणे यांचाच भरणा असल्याच्या तक्रारी होत्या. अपघाताच्या आधीच्या क्षणांत कंडक्टर नियंत्रण कक्षाला इतामीच्या चुकीविषयी कळवत होता. ते संभाषण ऐकण्यात आणि पुढच्या शिक्षेच्या चिंतेत चालकाचे लक्ष गुंतले असावे आणि त्यामुळे ब्रेकला उशीर झाला असावा, असा आयोगाचा निष्कर्ष होता. वळणावर गाडीचा वेग तपासून तिला आपोआप रोखणारी यंत्रणा तिथे त्या वेळी नव्हती.

‘देन्शा दे गो!’ खेळणाऱ्याला ही साखळी ओळखीची वाटेल. एका स्थानकात खूण ओलांडली की सेकंद कापले जातात. ते भरून काढण्यासाठी पुढे वेग वाढवावासा वाटतो, वेग वाढला की ब्रेकला उशीर होतो आणि पुन्हा खूण ओलांडली जाते. पहिल्या चुकीपेक्षा ती झाकण्याची घाई महाग पडते. खेळात याचा शेवट पुन्हा सुरुवात करण्याच्या बटणाशी होतो. अमागासाकीच्या वळणावर तसे बटण नव्हते.

या अपघातानंतर तो मार्ग जूनमध्ये पुन्हा सुरू झाला, तो गाडीचा वेग तपासणारी यंत्रणा बसवूनच. वेळापत्रक सैल करण्यात आले. तीव्र वळणांवर अशी यंत्रणा असणे पुढे देशभर बंधनकारक झाले. सेकंदांचा आग्रह जपानने सोडला नाही. पण त्या आग्रहाचा सारा भार एकट्या चालकाच्या मनावर टाकता येत नाही, हे मान्य केले.

खेळातून सुटलेले

संगणकीय यामानोतेवर बरेच काही हुबेहूब आहे, तरी रोजच्या प्रवासातला मोठा भाग तिथे येऊ शकत नाही. दारात अडकलेली पिशवी, चक्कर येऊन खाली बसलेली वृद्धा, मुलाखतीला निघालेला आणि घड्याळाकडे पाहणारा तरुण यांचे ओझे खेळणाऱ्याच्या खांद्यावर नसते. खऱ्या चालकाच्या पाठीमागे ही सारी माणसे असतात आणि त्यांच्यासाठीच त्याला कधी कधी सेकंद सोडून द्यावे लागतात.

गोव्यात उपनगरी लोकल नाही. कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी मार्गाची. समोरची गाडी येईपर्यंत एखाद्या लहान स्थानकात थांबून राहणे इथल्या प्रवाशाच्या अंगवळणी पडले आहे. तरी नोकरी, शिक्षण, उपचार यांसाठी मुंबई गाठणाऱ्या आणि तिथे लोकलने फिरणाऱ्या गोमंतकीयांची संख्या थोडी नाही. गाडी दोन मिनिटे उशिरा आली की प्रवाशाच्या तोंडून पहिला शब्द चालकाविरुद्ध निघतो. यामानोतेची एक फेरी पडद्यावर हाताळून पाहिली, तर त्या दोन मिनिटांत गर्दी, सिग्नल, पुढची गाडी, ओले रूळ आणि वेळापत्रकातली तंगी यांचा वाटा किती आणि ब्रेकवरच्या हाताचा किती, याचा थोडासा अंदाज येतो. दोष कोणाला द्यावा हे ठरवण्यापूर्वी एवढा अंदाज असणे न्यायाचे ठरेल.